गिअर टाकून थांबायची सवय

आमच्या घरात जवळपास दीड वर्ष एक सवय होती. सकाळी गाडी सुरू करायची, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा 'डी'वर आणायचा आणि मनातल्या मनात एक, दोन म्हणायचं. मग खालून 'धक्' असा बारीक धक्का बसायचा. तो बसला की गाडीने गिअर घेतला असं समजायचं आणि मगच ब्रेक सोडायचा. ही सवय मला कुणी शिकवली नव्हती, गाडीनेच लावली. सुरुवातीला एक म्हणेपर्यंत काम व्हायचं, मग दोन, आणि शेवटी शेवटी तीन. आकडा वाढत गेला तसा मीही थांबत गेलो.

एकदा गाडी चांगली तापली की हा प्रकार जाणवत नसे. दिवसभर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये फिरा, काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. त्यामुळे 'गाडी सकाळी जरा आळशी असते' असा आमच्यात विनोदही झाला होता. आज तो विनोद आठवला की मला माझाच राग येतो.

ही एसयूव्ही आम्ही २०२२ च्या अखेरीस सेकंड हॅण्ड घेतली. डिझेल, ऑटोमॅटिक, सहा वर्षं जुनी, ७४ हजार किलोमीटर फिरलेली. ऑटोमॅटिकच हवी होती त्याचं कारण अब्बांचा डावा गुडघा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बहुतेक वर्षं चिपळूण-कराड मार्गावर, म्हणजे रोज कुंभार्ली घाट. एसटीचा क्लच दाबून दाबून गुडघा गेला असं ते म्हणतात, डॉक्टर वयाचं कारण सांगतात. काहीही असो, क्लचची गाडी त्यांना जमेना आणि स्टेअरिंग हातात घेतल्याशिवाय करमेना.

गाडीतला दोष पहिल्यांदा ओळखला तोही त्यांनीच. गावी गेलो असताना एका सकाळी ते चालवायला बसले. दांडा 'डी'वर टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही उत्तर द्यायला वेळ लावते."

"अब्बा, ऑटोमॅटिकचं असंच असतं," मी म्हणालो.

"माणसाला हाक मारली आणि त्याने थांबून ओ दिली, तर तो बहिरा असतो नाहीतर आजारी."

मी हसलो. डबल क्लच मारून गिअर बदलणाऱ्या माणसाला ऑटोमॅटिकमधलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं होतं हे मान्य करतो. खरं तर कळत मलाच नव्हतं. 'असंच असतं' हे मी कुठून तरी ऐकलेलं वाक्य होतं.

त्यानंतर सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा मी हे सांगितलं. तिथल्या मुलाने स्कॅनर जोडला, स्क्रीनवर काही एरर दिसली नाही. "सर, गाडी ओके आहे. थंड असताना थोडं होतं." मी गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल विचारलं, तर म्हणाला, "ते लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही." मला तर हेच ऐकायचं होतं. खर्च वाचला.

पुढे जे समजलं ते आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना माझ्यासारखी फसगत टाळता येईल.

ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या गाड्यांत एकच यंत्र नसतं. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम यंत्र करतं. आमच्या गाडीतला प्रकार वेगळा आणि जुना, टॉर्क कन्व्हर्टरचा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा; त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाची सरळ जोडणी नाही, मध्ये तेल आहे. हर्मन फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि तेसुद्धा जहाजांसाठी.

त्याच्या मागे गिअर असतात आणि ते गिअर धरणाऱ्या क्लच प्लेटा, पत्त्यांच्या जोडासारख्या एकावर एक. आपण दांडा 'डी'वर टाकतो तेव्हा आत कुठलाही दाता हाताने ढकलला जात नाही. एक झडप उघडते, पंपाने दाब दिलेलं तेल एका पिस्टनच्या मागे भरतं, पिस्टन त्या प्लेटा एकमेकींवर दाबतो आणि गाडी गिअरमध्ये येते. निरोगी गिअरबॉक्समध्ये हे सगळं सेकंदाभरात उरकतं.

उशीर होतो याचा अर्थ पिस्टनमागची जागा भरायला वेळ लागतोय. तेल कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, पंप किंवा झडपा झिजल्या असतील, नाहीतर पिस्टनचे रबरी सील कडक झाले असतील. लहानपणी सायकलचा पंप वापरलेल्यांना हे लगेच समजेल. पंपातला चामड्याचा वायसर वाळला की कितीही दांडा मारा, हवा बाजूने निसटते आणि ट्यूब भरत नाही. थोडं तेल सोडलं, वायसर मऊ झाला, की पंप पुन्हा काम करू लागतो. आमच्या गाडीचं तेच होत होतं. थंडीत सील कडक, तेल बाजूने निसटतं; गरम झाल्यावर रबर मऊ पडतं, सील नीट बसतो. म्हणून सकाळी आजार आणि दुपारी ठणठणीत. स्कॅनरला हे दिसलं नाही, कारण स्कॅनर आधी विजेचा आणि सेन्सरचा बिघाड सांगतो. एखादा रबराचा सील म्हातारा होत चालला आहे, हे तो सुरुवातीला सांगत नाही.

आता त्या सकाळकडे येतो.

ईदसाठी आम्ही सगळे गावी होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीला दवाखान्यात न्यायचं होतं. मी आंघोळीला गेलो होतो, म्हणून बायको म्हणाली, मी गाडी बाहेर काढून ठेवते. ती पुण्यात ही गाडी चालवते, पण बहुतेक वेळा संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, म्हणजे तापलेली. रात्रभर उभी राहिलेली गाडी तिने फारशी चालवली नव्हती. मी तिला एकदाच म्हणालो होतो, "गिअर टाकल्यावर जरा थांबत जा." का थांबायचं ते सांगितलं नव्हतं.

आमच्या अंगणाबाहेरची वाट चढाची आहे. तिने गाडी रिव्हर्समध्ये वाटेवर घेतली, तोंड चढाकडे केलं आणि 'डी' टाकून ब्रेक सोडला. गाडी पुढे जायच्या ऐवजी काही क्षणांनी मागे सरकू लागली. गाडीला हिल होल्ड आहे, चढावर ब्रेक सोडला तरी तो धरून ठेवतो. पण दोनेक सेकंदच. आमच्या गिअरला तोवर तीन लागत होते. गाडी मागे जातेय म्हटल्यावर कुणीही जे करेल तेच तिने केलं, अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी आणखी मागे गेली आणि त्याच क्षणी गिअर लागला. गाडी उसळून पुढे गेली आणि समोरच्या जांभ्याच्या गडग्यावर आदळली.

मी ओल्या केसांनी बाहेर धावलो. बंपर फुटला होता, एक दिवा गेला होता, गडग्याचे वरचे दोन चिरे खाली आले होते. बायकोला काही लागलं नव्हतं, पण तिचे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. गडग्यावर पोरांनी कोळशाने तीन स्टंप काढलेले होते. सकाळपासून तिथेच त्यांचा खेळ चालला होता. माझा पुतण्या आणि शेजारची दोन मुलं. पाच-दहा मिनिटांपूर्वीच त्यांना नाश्त्याला आत बोलावलं होतं. बंपर स्टंपांच्या बरोबर मधे बसला होता.

थोड्या वेळाने बायकोने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, ही उशिरा गिअर घेते?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग मला का नाही सांगितलं?"

मी 'थांबत जा' म्हणालो होतो याची आठवण करून देणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण 'थांबत जा' म्हणजे सांगणं नव्हे, हे मलाही कळत होतं.

अब्बा त्या दिवशी रागावले नाहीत. दुपारी जेवण झाल्यावर पडवीत बसून एवढंच म्हणाले, "डेपोत गाडी लावली की आम्ही दोष लिहून द्यायचो. ब्रेक कमी लागतो, स्टेअरिंग डावीकडे ओढतं, जे असेल ते. तोंडी सांगून भागायचं नाही. कारण संध्याकाळी तीच गाडी दुसरा ड्रायव्हर घेऊन जाणार. तुला त्या गाडीची सवय झालेली असते, त्याला नसते."

त्यांच्या बोलण्यात उपदेश नव्हता. नोकरीतली एक रीत सांगितली आणि ते पडले. माझी मात्र त्या दुपारी झोप उडाली. दीड वर्ष मी गाडी सांभाळून चालवत होतो आणि त्यालाच गाडी सांभाळणं समजत होतो. प्रत्यक्षात मी स्वतःला तिच्या दोषाशी जुळवून घेत होतो. माझ्यापुरता धोका संपला होता, म्हणून तो आहे हेच मी विसरलो होतो. घरातल्या बाकीच्यांसाठी तो जिथल्या तिथे होता.

पुण्यात परतल्यावर नाना पेठेत पार्टच्या दुकानांत चौकशी केली. तिथून एका उस्तादांचा पत्ता मिळाला. ते फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करतात. चिपळूणकडचं गाव ऐकताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी पुरात होती का?" जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं की तेल गुलाबी दुधासारखं होतं आणि प्लेटांवरचं अस्तर सुटू लागतं, उस्ताद सांगत होते. आमची गाडी त्या पुरातली नव्हती; पूर आला तेव्हा ती पुण्यातच दुसऱ्या कुणाकडे होती.

त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी माझ्यासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. सपाट जागा, हॅण्डब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय. न्यूट्रलमधून 'डी', धक्का बसेपर्यंतची वेळ. मग रिव्हर्स. प्रत्येकी तीन वेळा, मध्ये एक-एक मिनिट थांबून. हीच तपासणी पुन्हा गरम गाडीवर. ही काही त्यांची हिकमत नव्हती. टोयोटाच्या काही गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशी चाचणी दिलेली असते: तेल गरम असताना न्यूट्रल ते 'डी' १.२ सेकंदांच्या आत आणि न्यूट्रल ते रिव्हर्स १.५ सेकंदांच्या आत. आमची गाडी दुसऱ्या कंपनीची, तिचे आकडे थोडे वेगळे असतील, पण अंदाज यायला एवढं पुरे. गरम असताना आमची गाडी पास होत होती. थंड असताना रिव्हर्स दीड सेकंदात आणि 'डी' तीन सेकंदांच्या वर. "रिव्हर्सच्या प्लेटा वेगळ्या, पुढच्या गिअरच्या वेगळ्या," उस्ताद म्हणाले. "दोन्हीला सारखा उशीर असता तर मी आधी पंप, फिल्टर बघितला असता. इथे पुढच्या क्लचचा सील गेलाय."

मग तेल काढलं. हे तेल नवं असताना लालभडक असतं. आमचं काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपल्याचा वास होता. बोटावर घेऊन उस्ताद म्हणाले, "लाइफटाइम म्हणतात ना, साहेब? कुणाची लाइफ ते विचारायचं." झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनीसुद्धा आपल्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदला म्हणून सांगते. आमच्या गाडीला तेव्हा आठ वर्षं आणि एक लाख तीन हजार किलोमीटर झाले होते.

या तेलाकडून कामही विचित्र मागितलं जातं. गिअर आणि बेअरिंगमध्ये ते निसरडं हवं आणि प्लेटा दाबल्या गेल्या की त्यांची पकड नेमकी बसली पाहिजे. हे जमावं म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर दुसरी रसायनं शोधावी लागली. एवढी उठाठेव ज्या तेलासाठी होते, त्याची पातळी आम्ही एकदाही तपासली नव्हती. तपासायलाही सोपं नाही म्हणा. आमच्या गाडीत डिपस्टिकच नाही. गाडी लिफ्टवर सपाट चढवून, इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ठरलेल्या अंशांत असताना बाजूचा बोल्ट उघडून बघावं लागतं.

उस्तादांनी दोन पर्याय सांगितले. तेल आणि फिल्टर बदलायचा, साधारण १८ हजार. त्यातही एका वेळेला सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा बदलायचं. "उशीर कमी होईल. जाणार नाही. सील कडक झालाय तो झालाय." दुसरा पर्याय गिअरबॉक्स उतरवून सगळे सील आणि प्लेटा नव्या घालायचा. सव्वा लाख.

मी पहिला पर्याय घेतला. उशीर तीनवरून दोनवर आला. आणि मग माझ्या डोक्यात आलं की आता गाडी विकून टाकावी.

ओळखीच्या एजंटला फोन केला. त्याला उशिराबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास फिरवून आणा. थंड गाडी दाखवायचीच नाही." किती सोपं! आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही ही गाडी घेतली त्या दिवशीही तिचं बॉनेट गरम होतं. आधीच्या मालकाला हे माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी एक गिऱ्हाईक येणार होतं. मी साडेनऊला गाडी काढली आणि कात्रजपर्यंत जाऊन आलो. पेट्रोल पंपावर हवा भरायची आहे असं घरी सांगून गेलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही.

आलेला मनुष्य माझ्याच वयाचा, शाळेत शिक्षक. सोबत बायको. त्यांनी गाडी चालवून बघितली, आवडली. भावही जवळपास ठरला. निघता निघता तो म्हणाला, "मला दोन्ही गाड्या चालतात, पण हिने नुकतंच लायसन्स काढलंय. क्लचची भानगड नको म्हणून ऑटोमॅटिक शोधतोय. शाळेच्या वाटेवर चढ आहे."

मला गडग्यावरचे कोळशाचे स्टंप दिसले. अब्बांचा दुसरा ड्रायव्हर माझ्यासमोर उभा होता.

मी म्हणालो, "बसा थोडं. गाडीत एक ऐब आहे, तो सांगायचा राहिला." आणि सगळं सांगितलं. सकाळी मुद्दाम फिरवून आणली हेही. तो गप्प ऐकत होता. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त विचारलं, "दुरुस्त होतं का?" मी खर्च सांगितला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, चहा घेतला, आभार मानले आणि गेले. पुन्हा फोन आला नाही. यायचं कारणही नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकोने हिशेबाची वही काढली. पुढच्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, तो पुढे ढकलला. सोमवारी मी गाडी उस्तादांकडे नेली.

नऊ दिवस लागले. जुने सील त्यांनी मला मुद्दाम ठेवून दाखवले. नवा सील बोटांत दाबला की वाकत होता. जुना प्लास्टिकच्या बांगडीसारखा कडक, एका जागी चीर गेलेली. बोटाएवढी ती चीर. एवढ्याशा जागेतून निसटणाऱ्या तेलाने दीड वर्ष मला सकाळी एक, दोन, तीन म्हणायला लावलं होतं.

पुढच्या फेरीला गावी गेलो तेव्हा सकाळी पहिल्यांदा अब्बाच बसले. दांडा 'डी'वर टाकला. एक म्हणायच्या आत गिअर लागला, तो धक्काही जाणवला नाही. ते काही बोलले नाहीत. चढावरून गाडी वर नेली, वळवून आणली आणि अंगणात लावली.

मग ग्लोव्ह बॉक्स उघडून काहीतरी शोधू लागले. मी विचारलं, काय पाहिजे?

"वही आहे का एखादी?"

पुतण्याची शाळेची एक अर्धी वही मिळाली. त्यांनी तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले आणि खाली एसटीच्या सवयीने एक ओळ: 'गिअर ठीक. मागचा उजवा टायर हवा कमी.' ती वही आता गाडीतच असते. घरात जो कुणी गाडी नेतो तो परत आल्यावर तीत लिहितो. माझ्या बायकोचं अक्षर सगळ्यांत जास्त पानांवर आहे.